वाचकांचे प्रश्न : जमिनीतली थरथर

मागच्या अंकात कोयनेच्या भूकंपांवर एक छोटी नोंद दिली होती. तिच्यावर आलेल्या पत्रांत वाळवीपासून चंद्रापर्यंतचे प्रश्न आहेत. त्यांतले काही इथे घेत आहोत. पहिलं उत्तर लांबलं आहे, कारण तो प्रश्न प्रत्यक्ष करून पाहणाऱ्यांचा आहे आणि अशा कामात अर्धवट सांगून भागत नाही.

आमच्या शाळेत नववीच्या मुलांना घेऊन भूकंपमापक बनवायचा आहे. मोबाईलवरच्या ॲपमध्ये टेबल हललेलं दिसतं, पण कोयनेचा धक्का एकदाही दिसला नाही. काय घ्यावं आणि कुठे ठेवावं? (विज्ञान शिक्षिका, सिंहगड रस्ता)

मोबाईलमधली चिप स्क्रीन फिरवण्यासाठी आणि पावलं मोजण्यासाठी असते. कोयनेचा ३ तीव्रतेचा धक्का पुण्यात पोचतो तेव्हा जमिनीचा वेग सेकंदाला साधारण १० मायक्रोमीटर असतो. त्या चिपची स्वतःची खरखर याच्या कित्येक पट असल्यामुळे धक्का तिच्यात बुडून जातो. तुम्हाला जिओफोन लागेल.

जिओफोन म्हणजे अडीच सेंटीमीटर व्यासाची धातूची डबी. आत चुंबक पक्कं बसवलेलं असतं आणि त्याच्याभोवती नाजूक स्प्रिंगांवर तोललेली तांब्याच्या तारेची कॉइल. जमीन हलली की चुंबक हलतं, कॉइल जागीच राहू पाहते आणि दोघांतल्या या फरकामुळे तारेत व्होल्टेज तयार होतं. घेताना तीन गोष्टी विचारा: उभ्या दिशेचा आहे ना, नैसर्गिक वारंवारता (कॉइल आपणहून सेकंदाला किती वेळा झुलते ती) ४.५ हर्ट्झ आहे ना आणि कॉइलचा रोध ३७५ ते ३८० ओहम आहे ना. तेलशोधाच्या कामातून निघालेले १० किंवा १४ हर्ट्झचे जुने जिओफोनही मिळतात. जवळच्या खाणीतला सुरुंग टिपायला ते चालतील. कोयनेचा धक्का मात्र पुण्यापर्यंत येता येता त्यातली जलद कंपनं बरीचशी विरतात आणि उरतात ती संथ. नैसर्गिक वारंवारतेच्या खाली जिओफोन झपाट्याने मंदावतो: कंपनाची वारंवारता निम्मी झाली की हाती येणारा संदेश साधारण एक चतुर्थांश होतो.

४.५ हर्ट्झचा चांगला जिओफोन मीटर प्रति सेकंद वेगाला सुमारे २८ व्होल्ट देतो. त्या हिशेबाने वरच्या धक्क्याचे येतात जेमतेम पाव मिलिव्होल्ट. आर्डुइनो उनो या छोट्या बोर्डाच्या अंगच्या इनपुटची एक पायरीच (त्याला ओळखता येणारा सर्वांत लहान फरक) जवळजवळ ५ मिलिव्होल्टची असते, तेव्हा तिथे काहीच दिसणार नाही. रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकाला एडीएस १११५ हे व्होल्टेजचे आकडे करणारं १६ बिटांचं मॉड्यूल जोडा आणि त्याची मर्यादा ±०.२५६ व्होल्टवर ठेवा. मग एक पायरी ७.८ मायक्रोव्होल्टची होते आणि तोच धक्का तीसेक पायऱ्यांचा दिसतो.

जोडणीत एक अडचण हमखास येते. जिओफोनचं व्होल्टेज शून्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे जातं, पण या चिपला शून्याखालचं चालत नाही. त्यासाठी १० किलोओहमचे दोन रेझिस्टर ३.३ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यामध्ये ओळीने लावा. मधल्या बिंदूवर १.६५ व्होल्ट मिळतील. त्या बिंदूपासून ग्राउंडला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा आणि जिओफोनचं एक टोक तिथेच जोडा. दोन्ही टोकं चिपच्या दोन इनपुटना देऊन फक्त त्यांच्यातला फरक वाचा. जिओफोनपासून येणाऱ्या दोन्ही तारा एकमेकींत पिळून घ्या, म्हणजे घरगुती विजेची ५० हर्ट्झची गुणगुण कमी शिरते.

जिओफोनच्या टोकांना समांतर असा आणखी एक रेझिस्टर लागतो, आणि बहुतेक जण विसरतात तो हाच. मोकळ्या टोकांची कॉइल एका धक्क्यावर पुन्हा पुन्हा झुलत राहते, त्यामुळे जमीन थांबली तरी आलेख हलत राहतो. वरच्या मापांच्या जिओफोनला २.७ किलोओहमच्या आसपास योग्य ठरतं. तुमच्या नगाचा तक्ता पाहून थोडं कमी-जास्त करा. तपासायला दीड व्होल्टचा सेल १०० किलोओहममधून जिओफोनला क्षणभर जोडा आणि काढून घ्या. रेषा एकदा उसळून, जेमतेम दुसरीकडे जाऊन स्थिर झाली तर बरोबर. चार-पाच वेळा वर-खाली झाली तर रोध कमी करा.

वाचनाचा वेग सेकंदाला २५० ठेवा. १२८ ठेवलात तर विजेच्या गुणगुणीतला १५० हर्ट्झचा भाग आलेखावर २२ हर्ट्झचा होऊन बसतो, आणि तो कुठून आला हे शोधण्यात आठवडा जातो. या चिपचं अंतर्गत घड्याळ १० टक्क्यांपर्यंत चुकू शकतं, म्हणून ‘२५० वाचनं म्हणजे एक सेकंद’ असं धरू नका. प्रत्येक वाचनासोबत रास्पबेरी पायची वेळ नोंदवा आणि त्याला इंटरनेटवरून वेळ मिळत राहील असं पाहा.

आता जागा. यंत्र कितीही चांगलं असलं तरी जमिनीशी त्याची पकड कच्ची असेल तर सगळं वाया जातं. प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर असेल तर तिथे ठेवू नका. तीन-चार मजली इमारत स्वतःच सेकंदाला तीनेक वेळा डोलते आणि नेमकी तीच कंपनं तुम्हाला हवी असतात. तळमजल्यावरची, जिन्यापासून आणि पाण्याच्या पंपापासून लांबची खोली घ्या. फरशीवर नाण्याने ठोका. पोकळ वाजली तर ती फरशी काढून खालच्या कोब्यावर बसवा. आवारात खड्डा घेता आला तर फारच छान, फक्त काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत खणा. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यात रोवलेला जिओफोन हळूहळू कलंडतो आणि कॉइल कडेला घासू लागते. बसवताना प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ थर द्या आणि गवंड्याकडची लेव्हल लावून सरळ करा. फोम, रबर, दुहेरी चिकटपट्टी अजिबात नको. वरून थर्माकोलचा खोका पालथा घाला; वाऱ्याची झुळूक आणि मुंग्या दोन्ही बाहेर राहतील.

पहिले पंधरा दिवस भूकंप शोधू नका, शाळा ओळखा. मिनिटाला ३०० फेऱ्यांचा पंखा ५ हर्ट्झवर उमटतो, पंप ४८ च्या आसपास, मधली सुट्टी तर कुणीही ओळखेल. ही यादी मुलांनी भिंतीवर लावावी. कोयनेचे धक्के शोधायला रात्री ११ ते पहाटे ५ ही वेळ चांगली. आणि पावसाळ्यात अरबी समुद्राच्या लाटांमुळे सगळी जमीन चार-आठ सेकंदांच्या संथ लयीत हलत असते, ती या यंत्रावर दिसत नाही म्हणून निराश होऊ नका. तिथे ४.५ हर्ट्झचा जिओफोन पाचशेव्या हिश्शाइतकाच जागा असतो. त्यासाठी वेगळ्या, फार महागड्या यंत्राची गरज पडते.

आलेखावर हालचाल दिसली तर ती कोयनेची की आमच्याकडच्या दगडखाणीची, हे कसं ओळखायचं? (एक अभियंता, मोशी)

दोन लहरींमधलं अंतर मोजून. आधी येते ती दाबाची पी-लहर, मागून येते ती आडवी हलवणारी एस-लहर. खडकात पी सेकंदाला सहा किलोमीटरच्या आसपास जाते, एस साडेतीन. दोघींमध्ये जितके सेकंद, त्याला ८ ने गुणा. किलोमीटरमधलं अंतर मिळतं. कोयना धरण पुण्यापासून सरळ रेषेत सुमारे १२५ किलोमीटर, म्हणजे १५-१६ सेकंद. तिथले बरेचसे धक्के धरणाच्या दक्षिणेला, वारणेच्या बाजूला होतात. त्यांना १८-१९ सेकंदही लागतात. तुमच्या भागातल्या खाणीच्या सुरुंगात हा फरक दोन-तीन सेकंदांचाच असतो. सुरुंग सगळ्या बाजूंना बाहेर ढकलतो, म्हणून त्याचा पहिला झटका नेहमी वरच्या दिशेचा असतो, एस-लहर दुबळी असते आणि मागून जमिनीच्या पृष्ठभागावरून सरपटणारी मोठी संथ लाट येते. भूकंपात खडकाची एक बाजू दुसरीवरून घसरते, त्यामुळे पहिला झटका कधी वर तर कधी खाली. आठवड्याचा तक्ता केलात तर खाणीच्या ठरलेल्या वेळाही दिसतील.

एकाच यंत्रावरून दिशा कळत नाही. नुसतं अंतर कळतं. हे विसरून नकाशावर टिंब देणारे पुष्कळ आहेत.

कोयनेला ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, धरणाच्या भिंतीला तडे गेले. जलाशयाच्या पाण्यामुळे चालना मिळालेल्या भूकंपांमध्ये तो जगातला सर्वांत मोठा मानला जातो. तिथे बेसाल्टचा थर किती जाड आहे ते गोठणे येथील सुमारे ३ किलोमीटर खोल विंधनविवराने प्रत्यक्ष दाखवलं: सव्वा किलोमीटर. खाली ग्रॅनाइटच्या जातीचा जुना खडक आहे आणि भूकंप त्यात होतात. पावसाळ्यात जलाशय भरल्यानंतर तिथली हालचाल वाढते, म्हणून शाळांनी यंत्र सप्टेंबरपूर्वी सुरू करावं.

धक्का जाणवायच्या आधी आमचा कुत्रा उठून भुंकू लागला. प्राण्यांना भूकंप आधी कळतो ना? (सहकारनगर)

काही सेकंद आधी कळतो, आणि त्याला साधं कारण आहे. कोयनेहून निघालेली पी-लहर पुण्यात सुमारे २१ सेकंदांत येते, एस-लहर ३६ सेकंदांत. पी बारीक असते, खुर्चीत बसलेल्या माणसाला बहुधा समजत नाही. चारही पाय आणि पोट फरशीला टेकवून झोपलेल्या कुत्र्याला ती जाणवू शकते. तुम्हाला जो ‘धक्का’ वाटला तो एस-लहरीचा. मधले पंधरा सेकंद कुत्रा भुंकत होता.

दिवस-दोन दिवस आधी कळतं, हा वेगळा दावा आहे आणि तो आजवर टिकलेला नाही. २०१८ मध्ये जर्मन संशोधकांनी १६० भूकंपांशी जोडलेल्या ७२९ नोंदी तपासल्या. बहुतेक नोंदी भूकंप झाल्यावर आठवून सांगितलेल्या, एकेकट्या, आणि प्राण्याचं एरवीचं वागणं नोंदवलेलं नाही. त्यांतल्या बऱ्याच वागण्यांचा मेळ मुख्य धक्क्याआधीच्या छोट्या धक्क्यांशी बसतो. चीनमधलं हायचेंग फेब्रुवारी १९७५ मध्ये वेळेवर रिकामं केलं गेलं, त्याचं श्रेय प्राण्यांना दिलं जातं. पण तिथे आधी शेकडो छोटे धक्के बसले होते. पुढच्याच वर्षी तांगशानला असे धक्के आले नाहीत, इशारा मिळाला नाही आणि दोन लाख चाळीस हजारांहून अधिक माणसं गेली. प्राण्यांवर विसंबायचं का, याचं उत्तर देताना हा आकडा आम्हाला बाजूला ठेवता येत नाही.

तुम्हाला खरंच पाहायचं असेल तर वही ठेवा. कुत्रा विनाकारण भुंकला की तारीख आणि वेळ लिहा, प्रत्येक वेळी, भूकंप होवो न होवो. सहा महिन्यांनी राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या यादीशी ताडून पाहा. न जुळलेल्या नोंदी पुसायच्या नाहीत, एवढंच पथ्य.

सापाला कान नाहीत, तो जमिनीने ऐकतो, म्हणून पाय आपटत चालावं असं जुनी माणसं सांगतात. कितपत खरं? (भातशेतकरी, मुळशी)

सापाला बाहेरचा कान आणि पडदा नाही, आतला कान आहे. जबड्याच्या मागच्या हाडाला एक बारीक हाड जोडलेलं असतं, ते थेट आतल्या कानापर्यंत जातं. साप हनुवटी जमिनीला टेकवतो तेव्हा जमिनीचं कंपन त्या वाटेने पोचतं. हवेतला आवाजही त्याला अगदीच परका नाही: अजगरांवरच्या २०१२ च्या प्रयोगात ८० ते १६० हर्ट्झच्या जाड आवाजाने त्यांची कवटी थरथरते आणि ते मेंदूला कळतं, असं दिसलं. पुंगीपुढे नाग डोलतो तो मात्र हलत्या पुंगीवर नजर ठेवून.

जुन्या माणसांचा सल्ला अर्धा उपयोगी आहे. कडक बांधावर पावलाचं कंपन दूर जातं. धामण आणि बहुतेक वेळा नागही बाजूला होतो. चिखलाच्या खाचरात तेच कंपन थोड्याच अंतरात मरतं. आणि घोणस व फुरसं यांना पळण्याची सवय नाही. ती जागीच वेटोळं घालून, रंगावर भरवसा ठेवून पडून राहतात, आणि पाय आपटत जाणारा माणूस थेट त्यांच्यावर पाय देतो. म्हणून अंधारात बॅटरी हवीच, पायात गुडघ्याखालपर्यंतचे गमबूट हवेत आणि काठीने पुढची हात-दीड हात जमीन ठोकत जायचं. कापलेल्या भाताच्या पेंढ्या उचलताना आधी काठीने उलटा. चावलाच तर आवळून बांधू नका, कापू नका, पाय स्थिर ठेवून थेट प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्या.

विंचवाला अंधारात किडा कुठे आहे ते कसं कळतं? (इयत्ता सहावी, भोर)

तुझा प्रश्न फार सुंदर आहे. अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटातल्या विंचवांवर फिलिप ब्राउनेल यांनी १९७० च्या दशकात याचा शोध घेतला. विंचवाच्या प्रत्येक पायाच्या टोकाजवळ अगदी बारीक फटी असतात, त्यांना वाळूची थरथर कळते. आठ पाय पसरले की पाचेक सेंटीमीटरचं वर्तुळ होतं. किडा हलला की लहर सेकंदाला सुमारे ५० मीटर वेगाने येते आणि जवळच्या पायाला आधी, लांबच्या पायाला सेकंदाच्या हजाराव्या भागाने उशिरा लागते. ज्या पायाला आधी लागली, तिकडे विंचू वळतो. ब्राउनेल यांनी त्याचे डावे-उजवे पाय दोन वेगळ्या पाट्यांवर ठेवले आणि एक पाटी किंचित आधी हलवली. सेकंदाच्या पाच हजाराव्या भागाचा फरकही त्याला पुरला! पंधरा सेंटीमीटरच्या आतला किडा किती लांब आहे हेही तो ओळखतो. तुमच्याकडचा लाल विंचू फार विषारी असतो, तेव्हा दगड हाताने उलटायचा नाही.

आमच्या जुन्या वाड्यातल्या दाराच्या चौकटीतून रात्री बारीक खडखड ऐकू येते. (सदाशिव पेठ)

चौकटीवर बोटाने टकटक करा. लगेच उत्तरादाखल कोरडी सरसर आली तर बहुधा वाळवी आहे. तिचे सैनिक डोकं लाकडावर किंवा बोगद्याच्या भिंतीवर आपटतात, शेजारचे सैनिक ते कंपन पायांनी ओळखून पुढे आपटत नेतात आणि कामकरी आत पळतात. आफ्रिकेतल्या मोठ्या वारूळवाल्या वाळवीत हे ठोके सेकंदाला अकराच्या आसपास मोजले गेले आहेत. खात्रीसाठी बझरमधली २७ मिलिमीटरची पीझो चकती (कंपनाचं व्होल्टेज करणारी) चौकटीला घट्ट दाबून बसवा, ॲम्प्लिफायरला जोडा आणि हेडफोन लावा. लाकडातून बारीक पीठ गळत असेल आणि मातीची नळी कुठेच नसेल, तर तो भुंग्याचा किडा. त्याची औषधयोजना वेगळी, हे कीटकनियंत्रणवाल्याला आधीच सांगा.

चंद्र तासभर घंटेसारखा वाजला असं वाचलं. आपल्याकडे भूकंप मिनिटा-दोन मिनिटांत थांबतो, मग तिथे असं का? आणि चांद्रयानाने काही ऐकलं का? (निगडी)

२० नोव्हेंबर १९६९ ला अपोलो १२ च्या चांद्रवीरांनी काम झालेलं यान मुद्दाम चंद्रावर आदळवलं. त्यांनीच ठेवलेल्या भूकंपमापकावर कंपन हळूहळू वाढलं आणि विरायला जवळजवळ तास लागला. दोन कारणं आहेत. चंद्राचा वरचा कित्येक किलोमीटरचा थर उल्कांच्या माऱ्याने फुटलेला आहे, त्यामुळे लहर भेगाभेगांवर आपटून इकडेतिकडे फिरत राहते. आणि तिथला खडक ठणठणीत कोरडा. पृथ्वीवर खडकांच्या फटींतलं पाणी लहरीची ऊर्जा झपाट्याने खाऊन टाकतं. या गोंधळामुळे चंद्रावर एस-लहर नेमकी कधी सुरू झाली तेच दिसेनासं होतं; वर सांगितलेला आठाचा गुणाकार तिथे सरळ चालत नाही. अपोलोची यंत्रं सप्टेंबर १९७७ पर्यंत चालू होती. पृथ्वीच्या ओढीमुळे ७०० किलोमीटरहून खोल होणारे, साधारण २७ दिवसांच्या चक्राने परतणारे चंद्रकंप त्यांनीच दाखवले.

मंगळावरचा अनुभव शाळेत यंत्र बसवणाऱ्यांनी वाचण्यासारखा आहे. १९७६ मध्ये व्हायकिंग १ च्या भूकंपमापकाची कुलूपबंदी उघडलीच नाही. व्हायकिंग २ चा चालला, पण तो यानाच्या माथ्यावर बसवलेला होता. वाऱ्याने यान हलायचं आणि यंत्र वारा मोजायचं. म्हणून २०१८ मध्ये उतरलेल्या इनसाइटने यांत्रिक हाताने भूकंपमापक उचलून जमिनीवर ठेवला, फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यावर वाऱ्यापासून आडोसा देणारं झाकण घातलं, आणि पुढे थंडी-उन्हाने केबल कडकडते हे लक्षात आल्यावर खोऱ्याने तिच्यावर मातीही लोटली. त्या खटाटोपाचं फळ म्हणजे १३०० हून अधिक मंगळकंप. सर्वांत मोठा ४ मे २०२२ चा, ४.७ तीव्रतेचा.

चांद्रयान ३ च्या विक्रमवर ‘इल्सा’ हे भारतीय यंत्र होतं. त्यात जिओफोनसारखी कॉइल नाही. सिलिकॉन कोरून केलेली स्प्रिंग आणि वजन, आणि वजन सरकलं की बदलणारी विद्युतधारिता, अशी सहा त्वरणमापकांची जुळणी. २५ ऑगस्ट २०२३ ला त्याने प्रज्ञान रोव्हर चालतानाची थरथर टिपली. २६ ऑगस्टला आणखी एक घटना आली. ती रोव्हरच्या थरथरीपेक्षा वेगळी होती, आणि ती नैसर्गिक वाटते एवढंच इस्रोने जाहीर केलं. एकाच ठिकाणच्या यंत्रावरून, पहिल्या काही दिवसांत, याहून जास्त म्हणणं योग्यही नव्हतं.